ठोकळ्यांच्या युद्धखेळातील चिलखतविचार

ठोकळ्यांवर ठोकळे रचून युद्धवाहने उभारण्याचे संगणकीय खेळ आज यंत्रशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या हाती आले आहेत. वाहननिर्मितीच्या कारखान्यांशेजारी वसलेल्या पिंपरीतील संत तुकाराम नगरासारख्या वस्तीत तरी त्यांकडे केवळ करमणूक म्हणून पाहता येणार नाही. उद्याचे वाहनरचनाकार अशाच वस्त्यांतून यावयाचे आहेत. या वर्गातील ‘फ्रॉम द डेप्थ्स’ हा खेळ २०१४ साली प्राथमिक व २०२० साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यातील चिलखतविषयक नियमांची चिकित्सा करणे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

जाडी म्हणजेच संरक्षण, हा भाबडा समज हा खेळ टिकू देत नाही, हा त्याचा पहिला गुण होय. येथे प्रत्येक ठोकळ्यास पाठीशी लागून असलेल्या ठोकळ्याच्या कठीणपणाचा पाचवा हिस्सा जादा मिळतो. म्हणून सलग थर परस्परांस बळ देतात. उलट पोकळ स्फोटकाच्या गोळ्यापुढे थरांमध्ये राखलेली रिकामी जागाच अधिक उपयोगी पडते. एका शस्त्रावरील उतारा दुसऱ्यापुढे लंगडा पडतो, हे खेळणारा अनुभवाने शिकतो. शिवाय जड चिलखत चढवावे तसतसा वेग मंदावतो आणि जलवाहन बुडू लागते. हे बंधन काल्पनिक नव्हे. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास आस्थापनेने टाटा समूहाच्या सहकार्याने सिद्ध केलेल्या आठचाकी चिलखती वाहनास पाण्यावरही तरंगावे लागते. तेथे पोलादाचा प्रत्येक किलो तोलूनच चढवावा लागतो.

तिरप्या पृष्ठभागाचे महत्त्वही खेळाने अचूक ओळखले आहे. दुसऱ्या महायुद्धातील सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचा ४५ मिलिमीटरचा दर्शनी पत्रा उभ्या रेषेपासून ६० अंश कललेला होता. त्यामुळे समोरून सरळ येणाऱ्या गोळ्यास ९० मिलिमीटर पोलाद भेदावे लागे. परंतु बाजूंच्या याच उताराने आतली जागा खाल्ली. आरंभीच्या टी-३४ च्या बुरुजात दोघेच मावत, आणि नायकालाच तोफेचा नेमही धरावा लागे. नेम धरणाऱ्याचे रणभूमीवरील लक्ष सुटावे, हे ओघानेच आले. चिलखताने वाचविलेला रणगाडा अशा रीतीने काही अंशी आंधळा झाला.

हा व्यवहार खेळात उमटत नाही, आणि त्याची खरी उणीव येथेच आहे. तेथे वाहनाचा मेंदू हाही एक ठोकळाच असतो. त्यास बसावयास जागा नको, श्वासास हवा नको, पेटत्या वाहनातून निसटावयास दारही नको. चहूबाजूंनी थर लिंपले की काम भागते. परिणामी भूमितीच्या दृष्टीने निर्दोष असलेली रचना वाहन म्हणून निरर्थक असू शकते. संरक्षण कशाचे करावयाचे, हा प्रश्नच येथे विचारला जात नाही.

म्हणून हा खेळ अध्यापनात योजावयाचा झाल्यास एक अट घालावी : चार माणसांची जागा आणि बाहेर पडण्याचे दोन मार्ग प्रथम आखावेत, मगच चिलखताचा पहिला ठोकळा बसवावा. या अटीमुळे पुष्कळ चतुर रचना मोडून पुन्हा बांधाव्या लागतील. परंतु त्या पुनर्बांधणीतच विद्यार्थ्यास रचनाशास्त्राचा खरा परिचय होईल.