नागराजचे रूप आणि मराठी चित्रकार : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

मराठी समीक्षेने लोकप्रिय साहित्याची दखल उशिरा घेतली, आणि घेतली तेव्हाही ती बहुतांशी शब्दांपुरतीच मर्यादित राहिली. बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांविषयी अलीकडे काही लिहिले जाते. मात्र त्या कथांच्या मुखपृष्ठांवरून नायकाला चेहरा देणारे रघुवीर मुळगावकर (१९१८-१९७६) यांचा विचार त्या चर्चेत अपवादानेच होतो. चित्रकथेच्या, म्हणजे कॉमिक्सच्या बाबतीत ही उणीव अधिक गंभीर ठरते, कारण तेथे चित्र हे कथेचे अलंकरण नसून तीच कथेची भाषा असते. चित्र काढून घेतले तर कथा उरत नाही.

प्रस्तुत लेखात 'नागराज' या हिंदी चित्रकथेतील महानायकाच्या दृश्यरूपाचा विचार केला आहे. नागराज हिंदीत जन्मला, दिल्लीच्या राज कॉमिक्सने तो प्रकाशित केला. परंतु त्याचे रूप प्रामुख्याने मराठी चित्रकारांच्या हातून घडले. ही गोष्ट हिंदीच्या अभ्यासात गौण ठरते आणि मराठीच्या अभ्यासात तिला जागाच नाही. बिलोलीसारख्या मराठी-तेलुगू सीमेवरील तालुक्यात, जेथे शाळेची भाषा मराठी, बाजारात तेलुगू आणि दखनी-उर्दूचा वावर, तेथे 'हे साहित्य कोणाचे?' हा प्रश्न केवळ तात्त्विक राहत नाही. देवनागरी वाचता येणाऱ्या मुलाला हिंदी चित्रकथा परकी वाटत नाही. म्हणूनच भाषेच्या कुंपणापलीकडे जाऊन या विषयाकडे पाहणे आवश्यक ठरते.

पूर्वपीठिका : वेताळ ते अमर चित्र कथा

भारतीय वाचकाला महानायकाच्या रूपाची सवय लावली ती 'इंद्रजाल कॉमिक्स'ने. टाइम्स ऑफ इंडिया समूहाने मार्च १९६४ मध्ये मुंबईतून सुरू केलेली ही मालिका १९९० पर्यंत चालली. ली फॉक यांनी १९३६ मध्ये निर्माण केलेला 'फँटम' मराठी वाचकांना 'वेताळ' म्हणून परिचित झाला. येथे एक बाब लक्षात घेण्यासारखी आहे. वेताळाची कल्पना फॉक यांची असली तरी त्याचे रूप क्रमाक्रमाने रे मूर, विल्सन मॅकॉय आणि साय बॅरी या तीन चित्रकारांच्या हाताखालून गेले. मूर यांचा वेताळ छायेत वावरणारा व गूढ आहे. मॅकॉय यांचा साध्या, काहीशा ठोकळेबाज रेषेतला आहे. बॅरी यांनी १९६१ ते १९९४ या प्रदीर्घ काळात त्याला रेखीव व रुबाबदार केले. भारतीय वाचकांच्या स्मरणात प्रामुख्याने बॅरींचाच वेताळ आहे. नायक एकच असतो, पण प्रत्येक पिढीचा नायक वेगळा असतो, आणि हे वेगळेपण चित्रकाराच्या रेषेतून येते.

दुसरी परंपरा अधिक जवळची आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिच्या चित्रकारांत मराठी मंडळींचा वाटा मोठा होता. राम वाईरकरांनी 'कृष्ण' चितारला, दिलीप कदमांनी पुढे ४२ भागांच्या 'महाभारता'चे चित्रांकन केले आणि पुण्याच्या प्रताप मुळीकांनी 'राम' व अन्य अनेक अंक रेखाटले. या चित्रकारांपुढे तयार नमुना होता तो कॅलेंडरचा. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या मुद्रणालयाने देवदेवतांची जी रूपे घरोघरी पोचवली, त्यांचाच विस्तार पुढे मुळगावकर व एस. एम. पंडित यांनी केला. भरदार पण मृदू देह, शांत मुद्रा, निळी कांती आणि किंचित वर उचललेली दृष्टी ही देवाची ओळख या परंपरेने रूढ केली.

नागराज : विषातून घडलेला नायक

नागराज १९८६ मध्ये अवतरला. कल्पना राजकुमार गुप्ता यांची, आरंभीचे लेखन परशुराम शर्मा यांचे. प्रोफेसर नागमणी हा खलनायक एका विषमानवाला दहशतीचे शस्त्र म्हणून घडवतो व भाड्याने देऊ पाहतो. बाबा गोरखनाथ त्याला नागमणीच्या ताब्यातून मुक्त करतात आणि तो दहशतवादाविरुद्ध लढण्याचे व्रत घेतो. त्याच्या रक्तात सूक्ष्म सर्पांचा वास आहे, मनगटांतून तो सर्प सोडतो, त्याचा श्वास व दंश विषारी आहे.

मराठी वाचकाला या कथेत परका असा एकही घटक आढळत नाही. नवनाथांच्या पोथीमुळे गोरक्षनाथ त्याच्या घरचेच आहेत. नागपंचमीला ज्याला पूजायचे आणि शेतात दिसला की ज्याच्यावर काठी उगारायची, तो नाग त्याच्या अनुभवातला आहे. भय आणि भक्ती यांचे हे द्वैत हीच नागराजच्या कल्पनेची खरी शक्ती होय.

परंतु नेमकी येथेच चित्रकारापुढे अडचण उभी राहते. शब्दांत 'विषमानव' म्हणणे सोपे असते. हिरव्या वर्णाचा, अंगावर खवले असलेला मनुष्य कागदावर काढला तर तो परंपरेनुसार राक्षस दिसणार. अशा देहावर बालवाचकाने विश्वास कसा ठेवावा?

मुळीकांची रेषा

या प्रश्नाचे उत्तर मुळीकांनी दिले. नागराजच्या सुरुवातीच्या काळातील चित्रांशी संजय अष्टपुत्रे यांचेही नाव निगडित आहे. तथापि सुमारे पहिल्या ५० अंकांपर्यंत, म्हणजे १९९५ च्या आसपासपर्यंत, नागराजचे रूप स्थिर केले ते मुळीकांनी व त्यांच्यासमवेत काम करणाऱ्या मिलिंद मिसाळ, विठ्ठल कांबळे आदी चित्रकारांनी.

मुळीकांनी केलेली योजना अशी सांगता येईल : कातडी सर्पाची ठेवली, पण शरीराची ठेवण व मुद्रा कॅलेंडरमधल्या देवाची घेतली. देवाच्या निळ्या कांतीच्या जागी हिरवी कांती आली, मात्र मुद्रेतली शांती कायम राहिली. पाश्चात्त्य महानायकाचे फुगवलेले स्नायू येथे नाहीत. आहे तो तालमीत कमावलेला, प्रमाणबद्ध देह. रेखाटन हा मुळीकांच्या अभ्यासाचाच विषय होता. शरीररचनेचे हे भान नागराजच्या उभे राहण्यात, वळण्यात, हात पुढे करण्यात दिसून येते. खवले सर्वांगावर सारख्याच ठळकपणे न काढता छायेच्या बाजूस दाट व प्रकाशाच्या बाजूस विरळ केल्याने ते चिलखतासारखे न भासता त्वचेसारखे भासतात.

यामागे मुद्रणाचेही कारण संभवते. स्वस्त कागदावर निळ्या व पिवळ्या शाईच्या मिश्रणातून उमटणारा हिरवा रंग थोडा सरकला, फिका पडला, तरी भक्कम काळी बाह्यरेषा आकृतीला सांभाळून घेते. मुळीकांचे चित्र रंगाविनाही उभे राहते, हे त्याचे बलस्थान होय.

याचा नैतिक परिणाम महत्त्वाचा आहे. पौराणिक चित्रकथांत काळा-सावळा, रानटी देह दुष्टाचा आणि उजळ देह सज्जनाचा, या संकेतावर अभ्यासकांनी रास्त टीका केली आहे. ज्या चित्रकारांनी त्या परंपरेत काम केले, त्यांच्यापैकीच एकाने नागराजच्या निमित्ताने तो संकेत उलटवला. 'विकृत' ठरावी अशी कातडी नायकाची झाली. अर्थात हा उलटफेर अपुरा आहे हेही नमूद करावे लागते. कातडी बदलली तरी नाक-डोळ्यांची ठेवण उच्चकुलीन देवाचीच राहिली, आणि विसर्पीसारख्या स्त्रीपात्रांचे चित्रण रूढ सौंदर्यकल्पनेच्या बाहेर पडले नाही.

अनुपम सिन्हा यांचा पालट

१९९५ पासून नागराजची सूत्रे अनुपम सिन्हा यांच्याकडे आली. १९८७ मध्ये 'सुपर कमांडो ध्रुव' निर्माण करणारे सिन्हा लेखक व चित्रकार अशा दोन्ही भूमिका पार पाडणारे. जगभर भ्रमण करणारा नागराज आता महानगरात स्थिरावला, त्याला 'राज' ही दुसरी ओळख, राजकुळाचा इतिहास व नातीगोती मिळाली. देह अधिक पिळदार झाला, चौकटी गर्दीच्या झाल्या, शक्तींची संख्या वाढली.

वाचकांत या दोन रूपांविषयी आजही मतभेद आहेत. गुणदोष तपासता असे दिसते की सिन्हांनी नागराजला चरित्र दिले, तर मुळीकांनी त्याला अस्तित्व दिले. सिन्हांच्या पानावर नायक काय करतो आहे हे संवादांतून कळते. मुळीकांच्या पानावर ते पुष्कळदा न वाचताही कळते. कथनाच्या दृष्टीने सिन्हांचा काळ निःसंशय समृद्ध आहे. परंतु वाढत्या शक्तींबरोबर नागराजमधील भय ओसरले व तो अन्य महानायकांसारखा एक झाला. भय आणि भक्ती यांचा तोल साधणारी रेषा त्या गर्दीत हरवली, ही त्या समृद्धीची किंमत होय.

श्रेयाचा प्रश्न

अमेरिकेत सुपरमॅन (१९३८) चे निर्माते जेरी सीगल व जो शूस्टर यांना निर्माते म्हणून नामनिर्देश परत मिळण्यासाठी १९७५ साल उजाडावे लागले. बॅटमॅनच्या घडणीत मोठा वाटा असलेल्या बिल फिंगर यांचे नाव अधिकृतपणे जोडले गेले ते २०१५ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार दशकांनी. तेथे हा प्रश्न न्यायालये, प्रकाशनसंस्था व अभ्यासक यांनी लावून धरला. आपल्याकडे तो अद्याप नीट विचारलाही गेलेला नाही. अंकावर चित्रकाराचे नाव छापले जाई, हे खरे. परंतु नाव छापले जाणे आणि कर्तृत्व मानले जाणे यांत अंतर आहे. १९९१ मध्ये 'सकाळ'मधून सुरू झालेल्या 'चिंटू'चे चारुहास पंडित व प्रभाकर वाडेकर मराठी वाचकाला ठाऊक आहेत. नागराज पाहिलेल्या किती मराठी वाचकांना मुळीक, मिसाळ, कांबळे ही नावे सांगता येतील?

या विस्मृतीचे कारण विद्याशाखांच्या विभागणीत आहे. मराठी विभागाच्या दृष्टीने हे हिंदी साहित्य आहे, हिंदी विभागाच्या दृष्टीने ते साहित्यच नव्हे, आणि चित्रकला महाविद्यालयांच्या दृष्टीने ती 'व्यावसायिक' कला आहे. तिन्ही दारे बंद असल्याने तिन्ही क्षेत्रांना स्पर्श करणारे काम दाराबाहेरच राहिले.

निष्कर्ष

१. महानायकाचे रूप हे त्याच्या नैतिक आशयाचे वाहन असते. नागराज विश्वासार्ह ठरला तो प्रामुख्याने चित्रकाराच्या निर्णयामुळे.

२. नागराजचे दृश्यरूप रविवर्मा मुद्रणालय, कॅलेंडर-कला व अमर चित्र कथा या महाराष्ट्रात वाढलेल्या परंपरेचे अपत्य होय. भाषा हिंदी असली तरी त्याची चित्रभाषा मराठी चित्रकारांनी घडवली.

३. मुळीकांच्या चित्रणाने सज्जन-दुर्जनांच्या देहाविषयीचा रूढ संकेत अंशतः मोडला. त्याची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे.

४. स्वस्त कागदावरचे हे अंक हाताळून झिजतात व रद्दीत जातात. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी ते जतन केले आणि मराठी, हिंदी व चित्रकला या विषयांच्या प्राध्यापकांनी ते एकत्र बसून वाचले, तरच या चित्रकारांचे कर्तृत्व अभ्यासाच्या कक्षेत येईल. सीमाभागातील महाविद्यालयांना हे काम अधिक सहज साधण्यासारखे आहे, कारण अनेक भाषांत वावरणे हा तेथील विद्यार्थ्याचा नित्याचा अनुभव आहे.