वहिवाट आणि स्मरणरंजन : एअरसम पार्क या पाडलेल्या फुटबॉल मैदानाच्या प्रेक्षकस्मृतींची समीक्षा

बीजसंज्ञा : प्रेक्षकस्मृती, स्थळप्रेम, स्मरणरंजन, वहिवाट, सार्वजनिक शिल्प

प्रस्तावना

खेळाविषयीच्या लेखनात खेळाडूचे चरित्र आणि सामन्याचा वृत्तान्त हे दोन प्रकार सर्वपरिचित आहेत. प्रेक्षकाच्या आठवणी हा तिसरा प्रकार मात्र समीक्षेच्या दृष्टीने बराच काळ दुर्लक्षित राहिला. इंग्लंडमध्ये १९९० नंतर जुनी फुटबॉल मैदाने एकामागून एक बंद झाली. मिडल्सब्रोचे एअरसम पार्क १९९५ मध्ये, संडरलंडचे रोकर पार्क १९९७ मध्ये, मँचेस्टरचे मेन रोड २००३ मध्ये, तर लंडनमधील हायबरी २००६ मध्ये आणि अप्टन पार्क २०१६ मध्ये. या मैदानांबरोबर प्रेक्षकांच्या आठवणींचे एक स्वतंत्र वाङ्मय उभे राहिले. आत्मकथने, आठवणींचे संग्रह, अनुबोधपट आणि शिल्पे अशी त्याची विविध रूपे आहेत.

या वाङ्मयावर भाबडेपणाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. गैरसोयीची, गळक्या छपरांची, प्रसंगी जिवावर बेतणारी मैदाने आठवणीत तेवढी सुंदर होतात, असे त्या आक्षेपाचे स्वरूप आहे. आक्षेप खरा आहे. परंतु पुरेसा नाही. प्रेक्षक नेमके काय गमावल्याचे सांगत असतो, हा प्रश्न त्यात अनुत्तरित राहतो. प्रस्तुत लेखात एअरसम पार्कच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

मैदानाची पार्श्वभूमी

मिडल्सब्रो हे ईशान्य इंग्लंडमधील टीज नदीकाठचे, लोखंड-पोलादाच्या उद्योगावर वाढलेले नगर. एअरसम पार्क १९०३ मध्ये सुरू झाले. त्याचा आराखडा आर्चिबाल्ड लीच या स्कॉटिश अभियंत्याचा होता. आदल्याच वर्षी, एप्रिल १९०२ मध्ये, ग्लासगो येथील आयब्रॉक्स मैदानावर लीचच्याच आराखड्यातील लाकडी चौथरा कोसळून २५ माणसे दगावली होती. एअरसम पार्कच्या इतिहासाची सुरुवात अशी एका अपघाताच्या सावलीत झालेली आहे.

मैदान कामगारांच्या घरांच्या रांगांमध्ये आणि रुग्णालयाच्या शेजारी होते. त्याचे होलगेट टोक हे उभ्याने सामना पाहणाऱ्यांचे ठिकाण. १९२६-२७ च्या हंगामात जॉर्ज कॅमसेलने दुसऱ्या विभागात ५९ गोल केले, ते याच संघाकडून. विल्फ मॅनियन आणि ब्रायन क्लफ हे याच परिसरात जन्मलेले आणि याच मैदानावर गाजलेले खेळाडू. डिसेंबर १९४९ मध्ये न्यूकॅसलविरुद्धच्या सामन्याला ५३ हजारांहून अधिक प्रेक्षक होते. हा या मैदानावरील उच्चांक ठरला.

१९८६ मध्ये क्लब दिवाळखोरीत गेला आणि मैदानाच्या दारांना कुलपे लागली. नव्या हंगामातील पहिला घरचा सामना संघाला शेजारच्या हार्टलपूल गावी खेळावा लागला. पुढे क्लब सावरला. मैदान मात्र फार काळ टिकले नाही. ३० एप्रिल १९९५ रोजी ल्यूटन टाउनविरुद्ध अखेरचा साखळी सामना झाला. मिडल्सब्रोने तो २-१ असा जिंकला. दोन्ही गोल जॉन हेंड्रीचे होते. त्यानंतर क्लब नदीकाठच्या नव्या रिव्हरसाइड मैदानावर गेला. जुने मैदान पाडण्यात आले आणि त्या जागी घरांची वसाहत उभी राहिली.

प्रेक्षकस्मृतीचे स्वरूप

निक हॉर्नबी यांच्या १९९२ मधील ‘फीव्हर पिच’ या हायबरीशी निगडित आत्मकथनाने प्रेक्षकाच्या आठवणींना साहित्यिक प्रतिष्ठा मिळवून दिली. या पुस्तकातील प्रकरणे सामन्यांनुसार आणि त्यांच्या तारखांनुसार रचलेली आहेत. आईवडिलांचा विभक्तपणा, शिक्षण, प्रेम, नैराश्य हे सारे त्या तारखांच्या आश्रयाने येते. आयुष्य मोजण्याची पट्टी म्हणून सामन्यांचा उपयोग करणारी ही रचना पुढील प्रेक्षकलेखनावर प्रभाव टाकणारी ठरली.

तथापि पाडलेल्या मैदानाच्या आठवणी ऐकताना अथवा वाचताना एक वेगळी गोष्ट जाणवते. त्यांत गोलांपेक्षा जागेचा तपशील अधिक असतो. कोणत्या रस्त्याने चालत जायचे, कोणत्या फिरत्या दारातून आत शिरायचे, कोणत्या कठड्याला टेकून उभे राहायचे, वडील कुठे आणि शेजारचे गृहस्थ कुठे उभे असत, तंबाखूचा आणि ओल्या कोटांचा वास कसा येई, हे सांगण्यात सांगणारा रमतो. सामन्याचा निकाल त्याला चुकीचा आठवू शकतो. उभे राहण्याची जागा मात्र चुकत नाही.

या विशेषाचे स्पष्टीकरण दोन अभ्यासकांच्या विचारांतून मिळते. सामूहिक स्मृतीला टिकण्यासाठी स्थळाची चौकट लागते, असे मॉरिस हाल्बवाक्स यांचे प्रतिपादन आहे. भूगोलज्ञ यी-फू त्वान यांनी स्थळाविषयीच्या जिव्हाळ्याची कल्पना १९७४ मधील ग्रंथात मांडली आणि जॉन बेल यांनी ती फुटबॉल मैदानांना लावून दाखवली. मैदान हे प्रेक्षकाच्या दृष्टीने घरासारखे असते, हा बेल यांच्या विवेचनाचा आशय होय.

घराची उपमा आकर्षक असली तरी एका ठिकाणी अपुरी पडते. घरावर राहणाऱ्याचा काहीतरी हक्क असतो. मैदानावर प्रेक्षकाचा कोणताही कायदेशीर हक्क नव्हता. तो दर शनिवारी पैसे मोजून आत जाई आणि दोन तासांनी बाहेर पडे. येथे ‘वहिवाट’ ही मराठी व्यवहारातील संज्ञा अधिक उपयुक्त ठरते. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, ही परिस्थिती मराठी वाचकाला अपरिचित नाही. बापाने ज्या कठड्यापाशी उभे राहून सामने पाहिले, त्याच कठड्यापाशी मुलगा उभा राहतो, तेव्हा त्या जागेवर त्याची वहिवाट निर्माण होते. ती कुठेही नोंदलेली नसते. पण आसपास उभे राहणारे सर्वजण ती मानतात. १९८६ मध्ये दारांना लागलेल्या कुलपांनी ही वहिवाट कागदावर शून्य आहे हे प्रथम दाखवून दिले. १९९५ नंतर तर ती जागाच उरली नाही. जागेच्या तपशिलांनी भरलेली आठवण ही, या दृष्टीने पाहता, वहिवाटीचा पुरावा म्हणून दिलेली साक्षच असते. भाबडेपणाच्या आक्षेपात हे अंग निसटून जाते.

स्मरणरंजनाची मर्यादा

साक्ष म्हटली की उलटतपासणी आलीच. ज्या गर्दीच्या उबेचे वर्णन या आठवणींत येते, तीच गर्दी माणसे चिरडतही होती. जानेवारी १९८० मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्धच्या सामन्यानंतर एअरसम पार्कच्या प्रवेशद्वाराजवळील बांधकाम गर्दीच्या दाबाने कोसळून एका दांपत्याचा मृत्यू झाला. मे १९८५ मध्ये ब्रॅडफर्ड येथे लाकडी प्रेक्षागाराला लागलेल्या आगीत ५६ जण दगावले. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर जी चेंगराचेंगरी झाली, तिच्यातील मृतांची अंतिम संख्या ९७ आहे. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांच्या १९९० च्या अहवालाने मोठ्या मैदानांवर सर्व प्रेक्षकांसाठी आसने असावीत, अशी शिफारस केली. दाट वस्तीत अडकलेल्या एअरसम पार्कला ही अट झेपणारी नव्हती. स्थलांतराच्या निर्णयामागील हे प्रमुख कारण होय.

म्हणजेच मैदान पाडले जाण्यामागे केवळ व्यापारी हाव होती, असे म्हणता येत नाही. प्रेक्षकांच्या जिवाची काळजी हेही त्याचे कारण होते. जी आठवण हे कारण वगळते, ती स्मरण न राहता स्मरणरंजन होते. स्वेतलाना बॉइम यांनी २००१ मधील आपल्या ग्रंथात गतकाळाच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले आहेत. पहिला पुनःस्थापक प्रकार हरवलेले जसेच्या तसे परत उभारू पाहतो. दुसरा चिंतनशील प्रकार हरवल्याचे भान राखून त्या अंतराचाच विचार करतो. पाडलेल्या मैदानांविषयीच्या पुष्कळशा लेखनाचा कल पहिल्याकडे आहे. त्यात जुने ते सारे अस्सल आणि नवे ते सारे निर्जीव, अशी सोपी विभागणी आढळते. या विभागणीत स्त्रिया आणि कृष्णवर्णीय प्रेक्षक यांचे अनुभव सहसा बसत नाहीत. १९७० आणि १९८० च्या दशकांत इंग्लंडमधील अनेक मैदानांवर कृष्णवर्णीय खेळाडूंना उद्देशून माकडांसारखे आवाज काढले जात. ‘आपली’ म्हणून सांगितलेली जागा सर्वांचीच होती का, हा प्रश्न प्रेक्षकस्मृतीने स्वतःला क्वचितच विचारलेला आहे.

याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. उभ्याने सामना पाहण्याची मागणी तीन दशके स्मरणरंजन म्हणून बाजूला सारली गेली. २०२२ मध्ये इंग्लंडच्या वरच्या दोन विभागांतील मैदानांवर कठडे बसवलेल्या सुरक्षित जागांत उभे राहण्यास पुन्हा मुभा मिळाली. त्यामुळे त्या मागणीतील विवेकाचा अंश मान्य झाला. वहिवाट आणि सुरक्षितता यांत विरोध अटळ नव्हता, हे उशिरा का होईना सिद्ध झाले.

वसाहतीतील खुणा

एअरसम पार्कच्या आठवणींचे सर्वांत विचारपूर्वक रूप पुस्तकात नाही, ते त्या जागेवरच आहे. शिल्पकार नेव्हिल गॅबी यांनी नव्या वसाहतीत जुन्या क्रीडांगणातील महत्त्वाच्या जागा शोधून तेथे कांस्याच्या लहान लहान खुणा बसवल्या. वसाहतीतील रस्त्यांनाही मैदानाच्या परिभाषेतील नावे मिळाली. या खुणांतील सर्वाधिक प्रसिद्ध खूण म्हणजे बुटाच्या तळव्याच्या खिळ्यांचा ठसा. तो उत्तर कोरियाच्या पाक दू-इक याचा आहे, असे मानून उमटवलेला आहे.

१९६६ च्या विश्वचषकातील तीन सामने एअरसम पार्कवर झाले. त्या वेळी ब्रिटनची उत्तर कोरियाला मान्यताही नव्हती. पहिल्या सामन्यात सोव्हिएत संघाकडून ३-० असा पराभव आणि दुसऱ्यात चिलीशी १-१ अशी बरोबरी झाल्यानंतर, १९ जुलै रोजी कोरियाने इटलीला १-० असे हरवले. तो एकमेव गोल पाक दू-इकचा होता. मिडल्सब्रोप्रमाणेच लाल पोशाख घालणाऱ्या या दूरच्या संघाला स्थानिक प्रेक्षकांनी आपलेसे केले. त्यांपैकी अनेकजण पुढील सामन्यासाठी लिव्हरपूलपर्यंत गेले. तेथे ३-० अशी आघाडी घेऊनही कोरिया पोर्तुगालकडून ५-३ असा हरला.

हा ठसा समीक्षेच्या दृष्टीने दोन कारणांनी महत्त्वाचा आहे. पहिले कारण त्याच्या आकाराचे. पुतळा मैदानाची जागा घेऊ पाहतो. ठसा ती रिकामी असल्याचे सांगतो. तो पाहण्यासाठी वाकावे लागते आणि ज्याला तो ठाऊक नाही, तो शेजारून निघून जातो. बॉइम यांच्या परिभाषेत हे चिंतनशील स्मरण आहे. याउलट जुन्या मैदानाची लोखंडी दारे रिव्हरसाइड मैदानाबाहेर नेऊन उभी केली आहेत. जी दारे १९८६ मध्ये प्रेक्षकांसाठी बंद झाली होती, ती आता कशासाठीच उघडत वा मिटत नाहीत. ती आदराने जपली आहेत, यात शंका नाही. परंतु आपल्या जागेवरून उचललेले दार हे वहिवाटीचे चिन्ह राहत नाही, ते दागिना होते.

दुसरे कारण ठसा कोणाचा आहे, यात आहे. जवळजवळ एक शतक चाललेल्या मैदानाच्या खुणांमध्ये सर्वांत गाजलेली खूण तिथे केवळ तीन सामने खेळलेल्या परदेशी खेळाडूची आहे. कॅमसेल, मॅनियन किंवा क्लफ यांपैकी कोणाच्याही वाट्याला तेवढी प्रसिद्धी आलेली नाही. डॅनियल गॉर्डन यांच्या २००२ मधील ‘द गेम ऑफ देअर लाइव्ह्ज’ या अनुबोधपटाने त्या संघातील हयात खेळाडूंच्या आठवणी जगासमोर आणल्या आणि त्याच वर्षी ते खेळाडू मिडल्सब्रोला परत आले. ज्या मैदानाने त्यांना ओळख दिली, ते तोवर पाडलेले होते. तरीही त्या जागेशी त्यांचे नाते नगराने मान्य केले. होलगेट टोकावर पन्नास वर्षे उभे राहिलेल्याची वहिवाट आणि आठ दिवस खेळून गेलेल्याची वहिवाट यांत नगराने भेद केला नाही. ‘आपली जागा कोणाची’ या वर उपस्थित केलेल्या प्रश्नाला स्मृतीनेच एके ठिकाणी उदार उत्तर दिलेले दिसते. ते उत्तर सर्व मैदानांना लागू पडत नाही, आणि म्हणूनच त्याचे मोल अधिक आहे.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येते की, पाडलेल्या मैदानाच्या प्रेक्षकस्मृती या मुख्यतः खेळाच्या आठवणी नसून जागेच्या आठवणी आहेत. कागदावर कधीच न आलेल्या वहिवाटीची ती नोंद आहे. म्हणून त्यांना भाबडे म्हणून मोडीत काढणे योग्य नाही. मात्र साक्षीची किंमत तिच्या संपूर्णतेवर ठरते. कठड्याला टेकलेला बाप आठवावा आणि गर्दीच्या दाबाने कोसळलेल्या बांधकामाखाली गेलेले दांपत्यही आठवावे. गर्दीची ऊब सांगावी आणि त्या गर्दीने कोणाला दूर ठेवले, तेही सांगावे. एअरसम पार्कच्या जागी आज माणसे राहतात, मुले वाढतात, बागांना पाणी घातले जाते. त्या रोजच्या व्यवहारात एक लहानसा कांस्याचा ठसा कोणालाही अडथळा न करता टिकून आहे. जमीन नव्या रहिवाशांची आहे, हे तो मान्य करतो आणि तिच्यावर एके काळी दुसऱ्यांची वहिवाट होती, हेही विसरू देत नाही. प्रेक्षकस्मृतीच्या लेखनाने जर एखादा आदर्श समोर ठेवायचाच असेल, तर तो हा ठसा होय.