चहाची सुट्टी

१९९८ साली इंग्लंडमधल्या लीड्स शहरात डंकन डॅलस या टीव्ही-निर्मात्यानं ‘कॅफे सायंतिफिक’ सुरू केलं. रचना साधी होती. वैज्ञानिकानं वीसेक मिनिटं बोलायचं, मग पेले भरून घ्यायला मध्यंतर, मग चर्चा. मुंबईत टीआयएफआर २००९पासून चालवत असलेला ‘चाय अँड व्हाय?’ त्याच कुळातला. जुहूचं पृथ्वी थिएटर आणि माटुंग्याचं रुपारेल कॉलेज ही त्याची परिचित ठिकाणं.

आपल्याकडे व्याख्यानांची परंपरा त्याहून कितीतरी जुनी. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ साली. म्हणून गल्लोगल्ली विज्ञानगप्पा सुरू होतात तेव्हा आपण नकळत तिचाच साचा वापरतो. दीपप्रज्वलन, परिचय, शाल-श्रीफळ, तासभर भाषण आणि शेवटी ‘वेळेअभावी दोनच प्रश्न’. अशा कार्यक्रमांतून मी बऱ्याचदा माहिती घेऊन घरी आलो आहे. शंका घेऊन क्वचितच.

अपवाद एका वाचनालयाच्या सभागृहातला. विषय होता पाण्याचं उकळणं. वक्त्यांनी सांगितलं, की महाबळेश्वर साधारण १,३५० मीटर उंचीवर आहे, तिथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी १०० ऐवजी ९५-९६ अंशांनाच उकळतं आणि डाळ शिजायला वेळ लागतो. मग चहा आला. चहाच्या रांगेत माझ्या पुढच्या आजी शेजारणीला म्हणाल्या, “पण तिथे मी कुकरच लावते, तरी एक शिट्टी जास्त लागते.” शेजारीण म्हणाली, “विचारा की!”

माझ्याकडे इंजिनिअरिंगची पदवी आहे, थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात बरे गुण होते. माझं उत्तर तयार होतं: कुकर बंद असतो, बाहेरच्या हवेशी त्याचा काय संबंध? आजींनी विचारलं तेव्हा वक्ते जवळजवळ अर्धा मिनिट गप्प राहिले. मग फळ्यावर शिट्टीचं चित्र काढलं. शिट्टीचं वजन उचललं जातं ते आतल्या आणि बाहेरच्या दाबांतल्या फरकानं. फरक तोच, पण बाहेरचा दाब कमी. म्हणजे आतलाही कमी. खाली कुकरमध्ये सुमारे १२० अंश, तर तिथे ११८च्या आसपास. “एवढ्यानं अख्खी शिट्टी वाढेल का, ते मात्र मला सांगता येणार नाही,” असंही ते म्हणाले.

माझं उत्तर चुकलं होतं. आणि ते मी चारचौघांत बोललो नव्हतो, हे मला बरं वाटलं. त्याचीच नंतर जास्त लाज वाटली. चार वर्षांच्या पदवीत मी उत्तरं लिहिली, पण चुकीचं उत्तर मोठ्यानं बोलायची सवय काही लागली नाही.

या प्रकाराबद्दल माझी तक्रार म्हणून एकच आहे: आपण चहाला पाहुणचार समजतो आणि शेवटी ठेवतो. तो मध्ये हवा. माईकसमोर सुचत नाही ते रांगेत सुचतं, शेजारणीला सांगितल्यावर त्याचा प्रश्न होतो आणि ती ढकलते तेव्हा तो विचारला जातो. शाल-श्रीफळाची दहा मिनिटं वाचवली तरी एवढी सुट्टी सहज निघते.