कारासाकीचा पाइन, कुंपणातली नाझुना

जपानी कवी बाशोचे दोन हायकू मी गेली कित्येक वर्षं एकमेकांशेजारी ठेवून वाचते आहे. एकात पाइनचा वृक्ष आहे: बारमाही हिरवा, सुयांसारख्या पानांचा, सरोवराच्या काठी उभा. दुसऱ्यात नाझुना नावाचं तण आहे: मोहरीच्या कुळातलं, वीतभर उंचीचं, कुंपणाच्या बुडाशी आपसूक उगवलेलं. पहिला हायकू १६८५च्या वसंतातला, दुसरा त्याच्या पुढच्याच वसंतातला. बाशोनं ही जोडी लावलेली नाही, ती मी लावली. लावल्यापासून मात्र दोन्ही मला अधिक उलगडत गेले.

मोठं झाड आणि क्षुद्र रोप शेजारी आले की मराठी वाचकाच्या मनात तुकोबांचा महापूर येतोच. झाड उन्मळणार, लव्हाळी तगणार, हे आपण धरूनच चालतो. बाशोकडे असा पूर येत नाही. तिथे कोणी हरत नाही आणि कोणाला काही शिकवलंही जात नाही. बदलते ती फक्त पाहणाऱ्याची नजर, आणि ती आपल्या अपेक्षेच्या बरोबर उलटी बदलते.

कारासाकी हे बिवा सरोवराच्या पश्चिम काठावरचं ठिकाण, आजच्या ओत्सु शहरात. इथला पाइन साऱ्या जपानला माहीत होता. ओमी प्रांताची आठ नामांकित दृश्यं मानली जातात, त्यात ‘कारासाकीचा रात्रीचा पाऊस’ हे एक. चित्रकार हिरोशिगेनं १८३०च्या दशकात त्याचं चित्र छापलं: उभ्या पावसाच्या रेघांमागे काळ्या ढगासारखा पसरलेला एकच वृक्ष. बाशो तिथे गेला तेव्हा झाड शंभरीच्या आसपास होतं. आधीचं वादळात पडल्यावर सोळाव्या शतकाच्या अखेरीस ते लावलं होतं. अशा देवळासारख्या झाडापुढे उभा राहिलेला कवी काय म्हणेल? त्याची उंची, त्याचं वय, हिमवर्षावातही न ढळणारं हिरवेपण. पूर्व आशियातल्या कवितेत पाइन शतकानुशतकं निष्ठेचं आणि दीर्घायुष्याचं प्रतीक आहे. सारं साहित्य हाताशी तयार होतं.

बाशो त्यातलं काहीच उचलत नाही. तो एवढंच सांगतो, की हा पाइन फुलांहून अधिक धूसर दिसतो आहे. जपानी कवितेत नुसतं ‘फूल’ म्हटलं की ते चेरीचं. शिगाच्या या परिसरात, मागच्या नागारा डोंगरावरच्या चेरीच्या बहरावर जुन्या कवींनी भरपूर लिहिलेलं आहे. म्हणजे धुक्यात विरघळण्याचा परंपरेचा मान चेरीचा. तो बाशो काढून घेतो आणि काळ्याभोर, खरबरीत सालीच्या, घट्ट उभ्या पाइनला देतो.

इथे त्यानं वापरलेला शब्द ‘ओबोरो’. दिवसाच्या वसंती धुक्याला जपानीत वेगळा शब्द आहे, ‘कासुमी’. ओबोरो रात्रीचं, चांदण्यात मिसळलेलं. हा शब्द नुसता सुंदर आहे म्हणून आलेला नाही. हायकूला ऋतू लागतो, आणि सदाहरित झाडाची अडचण अशी की त्याला स्वतःचा ऋतू नसतो. पानगळ नाही, पालवीचा गाजावाजा नाही, बारा महिने तोच रंग. नुसता ‘पाइन’ म्हटलं तर वाचकाला महिना कळत नाही. म्हणून या महावृक्षाला आपला वसंत फुलांकडून आणि धुक्याकडून उसना घ्यावा लागतो. इतकं बलाढ्य झाड, आणि एका रात्रीपुरतं ते ऋतूच्या हवाली होतं. या हायकूतली सगळी कोवळीक मला त्या हवाली होण्यात दिसते.

मग येतो शेवट. हायकूत सहसा एक ‘कीरेजी’ असतो, म्हणजे ओळ तोडणारा, थांबवणारा शब्द. इथे तो नाही. रचना ‘निते’ या प्रत्ययावर सुटते. आपल्या ‘-ऊन’सारखंच हे रूप आहे. ‘धूसर होऊन’ असं म्हणून कोणी गप्प झालं तर आपण पुढच्या क्रियापदाची वाट पाहत बसू, तसा हा हायकू आपल्याला वाट पाहत ठेवतो. काठ नाही, शेवटची रेघ नाही. झाडाची बाह्यरेषा जशी पुसली गेली, तशी वाक्याचीही.

हे समकालीनांना खटकलं होतं. बाशोचा शिष्य क्योराई यानं लिहून ठेवलेल्या आठवणींत त्या वादाची हकिगत आहे. कोणी या शेवटावर आक्षेप घेतला, किकाकु या दुसऱ्या शिष्यानं व्याकरणाच्या आधारे त्याची बाजू मांडली, क्योराईनं आणखी वेगळं समर्थन दिलं. बाशोनं ऐकून घेतलं आणि म्हणाला ते असं, की तुमचं सगळं बोलणं तर्काचं आहे, मला त्या क्षणी फुलांपेक्षा पाइन धूसर दिसला आणि त्याचा आनंद झाला, बस. काव्यशास्त्रावर इतकी नम्र आणि इतकी ठाम उत्तरं मी फार थोडी वाचली आहेत.

आता नाझुना. वनस्पतिशास्त्रात तिचं नाव काप्सेला बुर्सा-पास्तोरिस, म्हणजे मेंढपाळाची थैली, हे तिच्या शेंगेच्या आकारावरून. जपानी मुलांना तीच शेंग शामिसेन वाद्य छेडायच्या पट्टीसारखी दिसते, म्हणून तिचं लाडकं नाव ‘पेनपेनगुसा’, तारेच्या आवाजाचं गवत. शेंगांचे देठ थोडे सोलून सैल सोडायचे आणि दांडी कानाशी फिरवायची, की बारीक खुळखुळ ऐकू येते. हिवाळ्यात हे रोप जमिनीला चिकटून पानांची चकती करून बसतं. वसंतात मधून दांडी वर येते आणि टोकाला चार पाकळ्यांची पांढरी फुलं लागतात, दोन-तीन मिलिमीटरची.

नव्या वर्षाच्या सातव्या दिवशी जपानी घरांत सात कोवळ्या पाल्यांची पेज करतात, त्यातला एक पाला नाझुनाचा. म्हणजे वर्षारंभी तिला खुडायला माणसं शोधत येतात, आणि ती फुलते तेव्हा तिच्याकडे कोणी पाहत नाही. आपल्याकडे टाकळ्याचं असंच आहे. पहिल्या पावसात त्याची कोवळी भाजी कौतुकानं ताटात येते, आणि पुढे पिवळ्या फुलांनी रस्त्याच्या कडा भरल्या की तो नुसता रानगवत होऊन जातो.

बाशोचा दुसरा हायकू या दुर्लक्षाच्या काळातला आहे. त्याची सुरुवातच अटीनं होते: नीट पाहिलं तर. कोणी पाहिलं, हे सांगितलेलं नाही. जपानी वाक्याला कर्त्याची सक्ती नाही, त्यामुळे ‘मी’ आपोआप गळतो आणि उरतं ते पाहणं. अट पुरी होताच नाझुना फुललेली आढळते. ती आधीही फुललेलीच होती, उशीर झाला तो डोळ्यांना. ध्वनीही पाहण्यासारखा आहे. ‘ना’ हे अक्षर सतरा मात्रांत चार वेळा येतं, दोनदा नाझुनाच्या नावात, एकदा फुलाच्या शब्दात आणि एकदा शेवटच्या ‘काना’मध्ये. एकाच दांडीवर लागलेली बारकी फुलं असावीत तसं.

‘काना’ हा उद्गाराचा कीरेजी. पाइनच्या हायकूत जो नव्हता, तो इथे आहे, आणि तो येतो कशावर? फुलावर नाही. कुंपणावर. नजर आधी फुलापर्यंत वाकते, मग वर येते, तेव्हा सगळं कुंपणच नवं दिसू लागतं, आणि विस्मय त्या कुंपणाच्या पदरी पडतो.

झेनचे अभ्यासक डी. टी. सुझुकी यांनी १९५७ साली मेक्सिकोत दिलेल्या व्याख्यानांत हा हायकू इंग्रज कवी टेनिसनच्या एका कवितेशेजारी ठेवला. टेनिसन भिंतीच्या भेगेतलं फूल मुळासकट उपटून हातात घेतो, बाशो फक्त पाहतो. ही तुलना पुढे फार गाजली. मला ती थोडी अन्यायाची वाटते. तिच्यात नाझुना पूर्व-पश्चिमेच्या वादातला पुरावा होऊन बसते. तिची खरी जोडीदारीण मला बाशोच्याच घरात सापडते. ज्याला जग डोळे भरून पाहतं त्या पाइनला त्यानं अंधुक केलं, आणि जिच्यावर पाय पडतात तिला लख्ख केलं. मोठ्यापासून तो मागे सरला, लहानाजवळ खाली वाकला. पाइनचं पाइनकडूनच शिकावं, हा त्याचा उपदेश शिष्य दोहो यानं नोंदवून ठेवला आहे. तो उपदेश तणालाही तितकाच लागू होतो, हे हा दुसरा हायकू दाखवतो.

ही नजर त्याला आयती मिळालेली नव्हती. १६८१ साली एका शिष्यानं एदो शहराच्या फुकागावा भागातल्या त्याच्या झोपडीपाशी केळीचं रोप लावून दिलं. जपानी केळ, खाण्याजोगं फळ न देणारी. तिचं जपानी नाव बाशो, आणि तेच पुढे त्याचं नाव झालं. दिसायला झाड, शास्त्रानं पाहिलं तर लाकूड न धरणारी वनस्पतीच. त्या वेळच्या एका हायकूत त्यानं म्हटलं आहे, की केळ लावली आणि आता शेजारी फुटणाऱ्या रानबोरूच्या अंकुरांचा राग येऊ लागला. लाडक्या रोपासाठी तणाचा राग करणारा हा माणूस पाच वर्षांनी, त्याच फुकागावात, नाझुनापाशी थबकला.

शिरीष पै यांनी मराठीत हायकू रुजवला, त्यामुळे या हायकूंचं मराठी करून पाहण्याचा धीर मला झाला. पाइनचा जमत आला, कारण आपल्याकडे ‘-ऊन’ आहे. नाझुनाच्या जागी मी टाकळा घालून पाहिला. फूल पिवळं झालं, ऋतू पावसाळा झाला, पांढरा ठिपका हरवला. मग नाझुना हा शब्द तसाच ठेवला. ‘काना’साठी ‘अहा’ लिहिलं, तर आवाज मोठा झाला. ‘गं’ लिहिलं, तर सलगी झाली. दोन्ही खोडले. आता ‘कुंपण’ हा शब्द ओळीच्या शेवटी एकटा ठेवला आहे, आणि त्याच्यापुढे काही लिहिलेलं नाही.