तांबड्या पेटीतला ओनामा

खेळाच्या नियमांचे पुस्तक वाङ्मय म्हणून वाचण्याची आपल्याकडे रीत नाही. बुद्धिबळाचे किंवा पत्त्यांचे पुस्तक आपण शंका फेडण्यापुरते उघडतो आणि मिटून ठेवतो. परंतु ज्या खेळात पट नसला तरी चालते, ज्यात हारजीत जवळजवळ नाहीच, आणि जे घडावयाचे ते चार-पाच जणांच्या बोलण्यातूनच घडते, त्या खेळाचे पुस्तक हा सर्वस्वी शब्दांचा व्यापार होय. त्यास वाङ्मयाच्या कसोटीवर घासून पाहणे आम्हांस अप्रस्तुत वाटत नाही. मेजाभोवती बसून खेळावयाच्या या भूमिकाखेळांकडे मुलांना वळवावे कसे, हा प्रश्न निघाला की नियम सोपे करा, चित्रे वाढवा, पुस्तक पातळ करा, असे उपाय सुचविले जातात. आमच्या मते आधी एवढेच पाहावे की, ते पुस्तक मुलाशी कोणत्या आवाजात बोलते.

या प्रकाराचा आद्य ग्रंथ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला हा खेळ १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनिव्हा या गावाहून तीन लहान पुस्तिकांच्या रूपाने बाहेर पडला. पहिल्या आवृत्तीच्या प्रती अवघ्या एक हजार होत्या. शिशाच्या सैनिकांनी लढाया खेळणाऱ्या प्रौढांनी आपल्यासारख्याच प्रौढांसाठी केलेले हे लेखन. खेळाडू चार ते पन्नास असावेत असे त्यात सांगितले आहे, आणि दुसरीच एक युद्धखेळाची पुस्तिका वाचकाजवळ असावी अशीही अपेक्षा आहे! नवख्याने हे वाचणे म्हणजे मूळ श्लोक हाती नसता टीका वाचीत बसण्यासारखेच. मुले आली ती पुस्तक वाचून नव्हे, खेळणाऱ्यांच्या पंक्तीला बसून आली. ही उणीव ओळखून मज्जाशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या जॉन एरिक होम्स यांनी १९७७ साली नवशिक्यांसाठी पहिली पेटी सिद्ध केली. १९८१ साली टॉम मोल्डवे यांनी ती नव्याने लिहिली. दोघांचीही भाषा स्वच्छ आहे. परंतु दोघेही व्याकरण आधी आणि भाषा मागून, या जुन्या शाळेचे.

१९८३ साली फ्रँक मेन्ट्झर यांची तांबडी पेटी आली, आणि आमच्या मते या वाङ्मयातील खरे बालबोध पुस्तक तेच. त्याचे आरंभीचे पृष्ठ उघडताच मुलाला ‘तू’ म्हणून हाक येते. तू एक योद्धा आहेस. गावाबाहेरच्या गुहेत निघाला आहेस. हाती तलवार आहे. नियम अजून एकही सांगितलेला नाही. गुहेत साप भेटतो, त्याच्याशी झुंज होते, आणि त्या झुंजीतच कळते की अंगी मार सोसण्याची शक्ती किती आहे हे या खेळात आकड्याने मोजतात. आकडा घटनेच्या मागून येतो. जखम झाल्यावाचून जखमेचे गणित कशाला शिकावयाचे, हे तत्त्व या लेखकाने जितक्या सहजतेने आचरणात आणले, तितके आमच्या पाठ्यपुस्तककारांना क्वचितच साधते.

पुढे अलीना नावाची एक धर्मसेविका भेटते. ती जखमा बऱ्या करते, भुयारातील पिशाच्चांना मंत्रबळाने परतविते, आणि हे करता करता या जगाच्या रीतीभाती सांगते. वाचणाऱ्या मुलाला ती आवडू लागते. आणि मग बार्गल नावाचा मांत्रिक तेजाचा एक बाण सोडतो व अलीना मरते. फासा कसाही पडो, तिचे मरण टळत नाही. मांत्रिकाच्या मोहिनीतून आपण सुटतो की नाही, एवढेच फाशाच्या हाती ठेवले आहे.

दहा वर्षांच्या मुलाला हा शोक कशासाठी, असे कोणी म्हणेल. आम्हांस मात्र या पुस्तकाचे सारे सामर्थ्य इथेच दिसते. करुणरस मुलांना पेलत नाही ही मोठ्यांनी आपल्या सोयीसाठी करून घेतलेली समजूत आहे. श्यामच्या आईने रडलेल्या पिढ्यांना हे निराळे सांगावयास नको. बार्गल कोण, त्याला गाठावे कसे, हा ध्यास घेऊनच मूल पुस्तक मिटते आणि सवंगडी शोधावयास निघते. एकट्याने वाचावयाची गोष्ट संपून मंडळींनी खेळावयाचा खेळ तेथे सुरू होतो. दोष नाहीत असे नाही. गोष्टीतील एकुलती एक स्त्री शिकवण्यापुरती येते आणि मरण्यापुरती उरते. आवरणावर लॅरी एल्मोर यांच्या कुंचल्यातून उतरलेला योद्धा पुरुषच आहे. पेटी उघडणाऱ्या मुलीने स्वतःला कोठे ठेवावे, याचा विचार कोणी केलेला दिसत नाही.

१९८२ साली इंग्लंडात स्टीव्ह जॅक्सन व इयन लिव्हिंगस्टन यांच्या ‘द वॉरलॉक ऑफ फायरटॉप माउंटन’ने चारशे क्रमांकित परिच्छेदांतून असाच ‘तू’ घडविला होता. पण त्या पुस्तकाला सवंगड्यांची गरजच नव्हती. उलट, २०१४ सालच्या नव्या पेटीत पाच तयार पात्रे आणि एक सुरेख साहसकथा आहे, फॅन्डालिन गावाची. कारागिरी उत्तम. तथापि ती पेटी बोलते सूत्रधाराशी. मूल तेथे पाहुणे आहे. २०१६ पासून एका दूरचित्रमालिकेने या खेळाचे नाव घरोघरी नेले, हेही खरे. परंतु नाटक पाहून नट होण्याची हौस वाटणे वेगळे आणि तोंडाला रंग लावणे वेगळे.

त्याच वर्षीचे मॉन्टी कुक व शॅना जर्मेन यांचे ‘नो थँक यू, ईव्हल!’ अगदी लहानांसाठी आहे, आणि त्यातली एक युक्ती आम्हांस फार भावली. पात्र म्हणजे एक वाक्य. धाकट्याने केवळ नाम निवडावे. थोडे मोठे असेल त्याने विशेषण जोडावे. त्याहून मोठ्याने क्रियापदही. वय वाढेल तसे वाक्य वाढते. भीती अनावर झाली तर खेळाचे नाव उच्चारून नको म्हणावयाची मुभाही आहे. अलीनाच्या मरणाला मात्र येथे जागा उरत नाही.

आमच्याकडे भातुकली खेळणाऱ्या मुलीला कोणी नियमांचे पुस्तक दिले नव्हते, आणि सूत्रधार हा शब्द तर आपल्या रंगभूमीने केव्हाच घडवून ठेवला आहे. महाराष्ट्राबाहेर वाढणाऱ्या कित्येक मराठी मुलांची मराठी बोलण्यापुरती उरते, लिपीशी तिचा संबंध तुटतो. बोलण्यावरच उभा असलेला हा खेळ त्यांच्या उपयोगी पडेल, असा विचार आमच्या मनात वारंवार येतो. पण असा ओनामा मराठीत लिहावयास कोणी बसला, तर पहिल्याच ओळीत अडेल. इंग्रजी ‘तू’ला लिंग नाही. मराठीत ‘तू निघालास’ म्हटले की मुलगी दाराबाहेर राहिली, ‘निघालीस’ म्हटले की मुलगा. वर मेन्ट्झर यांच्या गोष्टीचा सारांश देताना आमच्याच लेखणीने त्या योद्ध्यास ‘निघाला आहेस’ म्हटले, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानी आले असेल. यातून वाट नाही असे नाही. ‘तू तलवार उपसलीस’ यात क्रियापद तलवारीच्या मागे जाते, ‘तुला साप दिसतो’ यात सापाच्या. ‘तू आत जाशील’ यात तर कोणताच प्रश्न येत नाही. एवढ्या मोजक्या प्रयोगांवर वीस-पंचवीस पृष्ठे कृत्रिम न होऊ देता निभावणारा गद्यकार हवा, आणि त्याच्या अंगी अलीनाला मारण्याचे धैर्यही हवे.