एका शब्दाच्या मानेवरचे जू

कॉलेजात असताना खगोलशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकात मला एक शब्द भेटला. वर्गात मोठ्या ऐटीने मी तो ‘सायझायगाय’ असा वाचला आणि सारा वर्ग खो खो हसला. एस-वाय-झेड-वाय-जी-वाय. सहा अक्षरे, त्यांत तीन वाय. ए, ई, आय, ओ, यू यांपैकी एकही नाही! खरा उच्चार ‘सिझिजी’. अवयव तीन, आघात पहिल्यावर. सूर्य, चंद्र आणि पृथ्वी एका ओळीत आले की त्या स्थितीला हे नाव. म्हणजे आपली अमावास्या, आणि पौर्णिमाही.

शब्दाचे रसग्रहण करताना नुसत्या नादावर भाळून चालत नाही. त्याच्या पोटात चित्र आहे का, ते पाहावे लागते. हा शब्द लॅटिनच्या वाटेने ग्रीकमधून आला. ‘सुन्’ म्हणजे एकत्र, ‘झुगोन’ म्हणजे जू. एका जुवाला जुंपलेली जोडी! हे ‘झुगोन’, इंग्रजांचे ‘योक’, संस्कृतातले ‘युग’ आणि आमच्या गोठ्यातले ‘जू’ ही सारी एकाच कुळातली. ज्या शब्दापायी मी वर्गात ओशाळलो, त्याचा भाऊबंद आजोबांच्या खांद्यावरून रोज शेतावर जात होता!

पण सामान्य इंग्रज वाचकाला त्यात जू कुठले दिसायला? त्याला दिसतात ते तीन वाय. चित्र हरपले, चमत्कार तेवढा उरला.

त्याला हसण्याआधी आपली अमावास्या पाहू. ‘अमा’ म्हणजे एकत्र, ‘वस्’ म्हणजे राहणे. सूर्यचंद्रांनी एका ठिकाणी वस्ती करायची ती तिथी. ग्रीकांनी जोडी जुंपली, आपल्या पूर्वजांनी ती नांदवली. ग्रीक शब्दाची व्याप्ती मोठी, कारण पौर्णिमाही त्यात मावते. पण जिव्हाळा आपल्या शब्दात अधिक, असे माझे मत आहे. तरीही आपण त्यातला काळोखच तेवढा ध्यानात ठेवला आणि अवसेला अशुभ ठरवून मोकळे झालो. अवसेपुनवेला समुद्राला उधाण येते, ते याच जोडीच्या एकवटलेल्या ओढीने, हे कोकणचा कोळी अनुभवाने जाणतो.

आता आमच्या शेतावर ट्रॅक्टर आहे. जू माळ्यावर पडले आहे. परवा नातवाने विचारले, “आजोबा, जू म्हणजे काय?” मी त्याला माळ्यावर नेऊन ते दाखवले. लक्ष्मीपूजनाच्या रात्री अंगणात पणती ठेवताना त्याला ‘अमावास्या’ही फोडून सांगणार आहे. तुमच्याही घरी सांगून पाहा.