नकलेचे दागिने

मोटारीवर टीकालेख लिहिण्याचा प्रसंग आपल्यावर येईल असे मला कधी स्वप्नातही वाटले नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिक आणि त्यापुढे चित्रकला-शिक्षकाची पदविका, एवढेच. शाळेत मुलांना चित्रे काढायला शिकवावे, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहाव्यात आणि संपादकांनी फारच आग्रह धरला तर दिवाळी अंकासाठी एखाद्या पुस्तकाबद्दल चार बरेवाईट शब्द लिहावेत, असा माझा क्रम. मोटार मला चालवता येत नाही. माझ्याजवळ एक जुनी स्कूटर आहे, आणि तिच्या आधीच्या मालकाने हँडलला बांधलेले घुंगरू मी अजून सोडलेले नाहीत. वाहनांच्या शृंगाराशी माझा संबंध एवढाच.

परंतु गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी कॅलिफोर्नियात माझ्या बालमित्राकडे पंधरा दिवस राहून आलो. तिथे ज्या कलाकृतीपुढे मी सर्वांत जास्त वेळ उभा राहिलो, ती कुठल्या संग्रहालयात नव्हती. सॅन होजे शहरातल्या त्याच्या राहत्या घराच्या गॅरेजात होती.

"तू लोकांच्या पुस्तकांची चिरफाड करतोस ना?" मित्र म्हणाला. "मग हिच्यावर लिही. पण मला बरं वाटावं म्हणून लिहू नकोस."

'ही' म्हणजे चंदेरी रंगाची, दोघांपुरती, बसकी, उघड्या टपाची एक मोटार. बरीच वापरलेली साबणाची वडी जशी सगळीकडून गोलावलेली दिसते, तसे तिचे अंग. पोर्श कंपनीच्या ३५६ या मालिकेतल्या 'स्पीडस्टर' नावाच्या गाडीची ती नक्कल होती. नक्कल हा शब्द मित्राने स्वतःच वापरला, आणि तो वापरताना त्याला जराही संकोच वाटला नाही, हे मी आरंभीच नमूद करतो.

नकलेचे परीक्षण करायचे म्हणजे आधी अस्सलाची ओळख हवी. १९५४ साली निघालेली ही स्पीडस्टर मुळात काटकसरीचे अपत्य होती. न्यूयॉर्कमध्ये मॅक्स हॉफमन नावाचा युरोपी गाड्यांचा आयातदार होता. अमेरिकेत गाडी खपवायची तर ती तीन हजार डॉलरांच्या आत बसली पाहिजे, असा त्याने कंपनीमागे लकडा लावला. मग कंपनीने गाडीतून एकेक गोष्ट कमी केली. दाराच्या वर-खाली होणाऱ्या काचा गेल्या, जाड अस्तराचे टप गेले, गुबगुबीत आसने गेली. समोरची काच बुटकी झाली, आणि शर्यतीच्या दिवशी तीही काढून ठेवता येई. किंमत ठरली २,९९५ डॉलर. इंजिनाचे फेरे दाखवणारी तबकडी आणि थंडीत ऊब देणारा हीटर, यांचेसुद्धा पैसे वेगळे! जिच्या अंगावर दागिना म्हणून काही ठेवायचे नाही हाच जिचा जन्महेतू, तिच्याच नकलेला आज लोक नखशिखांत सजवतात, ही या प्रकरणातली पहिली मौज.

दुसरी मौज तिच्या अंगाखाली आहे. आज अस्सल स्पीडस्टर घ्यायची तर लाखो डॉलर मोजावे लागतात. नोकरदार माणसाच्या आवाक्यातली ती गोष्ट नव्हे. म्हणून नक्कल करणारे कारागीर फोक्सवॅगन बीटलचा, आपण ज्या गाडीला कासव म्हणतो तिचा, सांगाडा घेतात, तो सुमारे फूटभर कापून आखूड करतात आणि त्यावर फायबरग्लासचे अंग चढवतात. इंजिनही बीटलच्याच घराण्यातले, मागे बसवलेले, पाण्याऐवजी हवेने थंड होणारे. वाचक म्हणतील, म्हणजे वरून राजकन्या आणि आत मोलकरीण! पण थांबा. बीटलचा आराखडा फर्डिनांड पोर्श यांचा, आणि १९४८ साली त्यांचे चिरंजीव फेरी यांनी ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावी पहिली ३५६ उभी केली तेव्हा तिचे इंजिन, ब्रेक, सुकाणू हे सारे बीटलच्याच भांडारातून आले होते. अस्सल राजकन्याही मोलकरणीचीच लेक. तेव्हा बीटलचा सांगाडा हा या नकलेचा दोष धरता येणार नाही. किंबहुना तिच्यातली सर्वांत अस्सल गोष्ट तीच.

एवढी पार्श्वभूमी मनात धरून मी गाडीभोवती फिरू लागलो. मित्राने तीन वर्षांत तिला बारीकसारीक कितीतरी वस्तू जोडल्या होत्या. दर वस्तूपाशी तो थांबे, ती कुठून मिळवली ते सांगे आणि माझ्या चेहऱ्याकडे पाही. नवकवीच्या घरी कवितांची वही ऐकायला बसल्यासारखे मला झाले.

पुढच्या झाकणावर चामड्याचे दोन पट्टे आवळले होते. जुन्या शर्यतीच्या गाड्यांना असे पट्टे असत, ते वेगात झाकण उघडू नये म्हणून. या गाडीला ते झाकण धरून ठेवणारी चांगली भक्कम खिटी आहे, झाकणाखाली पेट्रोलची टाकी आणि दोन पिशव्या मावतील एवढी जागा आहे, आणि गाडी जाते रविवारी सकाळी समुद्राकाठी. दिव्यांवरच्या तारेच्या जाळ्यांचेही तेच. त्या उडत्या खड्यांपासून काच वाचवण्यासाठी. तिथले रस्ते असे की खडा शोधून आणावा लागेल. मागच्या झाकणावर सामान बांधण्याची नळ्यांची चौकट आहे. ती उपयोगी आहे, सुंदरही आहे. पण तिच्यावर एक जुनी चामडी बॅग कायमची बांधून ठेवलेली आहे. मी ती उचलून पाहिली. रिकामी होती.

"लांबच्या प्रवासाला निघाल्यासारखं वाटतं," मित्र म्हणाला.

मी काही बोललो नाही. माझ्या वर्गातली मुले निसर्गचित्र काढताना दोन डोंगरांमध्ये सूर्य काढतात आणि नदीत होडी सोडतात. होडीत माणूस नसतो. विचारले तर म्हणतात, "सर, होडी पाहिजेच ना!" ही बॅग त्या होडीसारखी.

सुकाणूचे चाक लाकडी आहे, हाताला गोड लागते. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. समोरच्या फळीवर संत क्रिस्टोफरचा बिल्ला आहे, तो ख्रिस्ती प्रवाशांचा रक्षक. त्याच्या शेजारी चिमुकला गणपती. दोघांचे बरे जमते आहे. नाकावर मात्र पोर्शचे मानचिन्ह आहे, श्टुटगार्टच्या घोड्याचे, आणि तिथे मी अडलो. नकलेच्या कारागिराने ते लावलेले नव्हते, लावण्याचा त्याला अधिकारही नव्हता. मित्राने ते वेगळे विकत घेऊन बसवले. मी म्हणालो, हे तर आपल्या पुस्तकावर दुसऱ्याचे नाव छापण्यासारखे झाले. त्याने शांतपणे दोन स्क्रू काढून चिन्ह बाजूला ठेवले आणि म्हणाला, "आता बघ." खरोखरच त्या तोंडाची रया गेली. कपाळ पुसल्यासारखे ते दिसू लागले. या मुद्द्यावर माझा निर्णय अजून झालेला नाही.

पण दोन्ही दारांवर पांढरी वर्तुळे होती आणि त्यांत काळ्या रंगात आकडा होता १३०. त्या आकड्याबद्दल माझा निर्णय तिथल्या तिथे झाला.

चित्रपटाच्या शौकिनांना हा आकडा ठाऊक असेल. नट जेम्स डीन याच्या गाडीवर तो होता. ३० सप्टेंबर १९५५ रोजी सालिनासच्या शर्यतीला जाताना, कॅलिफोर्नियातच शोलॅम गावाजवळच्या तिठ्यावर समोरून वळणाऱ्या मोटारीशी त्याची टक्कर झाली आणि चोविसाव्या वर्षी तो गेला. शेजारी बसलेला मेकॅनिक वाचला. मात्र डीनची ती गाडी स्पीडस्टर नव्हतीच. स्पीडस्टर त्याच्याजवळ आधी होती, तिच्यातून तो शर्यतीही धावला होता. पण अपघाताच्या काही दिवस आधी ती देऊन त्याने '५५० स्पायडर' घेतली होती. इंजिन मध्यभागी असलेली ती निराळी गाडी, खास शर्यतीसाठी बांधलेली. १३० हा आकडा स्पायडरचा. आणि तो आकडा घेऊन डीन शर्यतीच्या मैदानापर्यंत पोचलाच नाही. म्हणजे मित्राने मेलेल्या माणसाचा आकडा उसना घेतला, आणि तोही चुकीच्या गाडीवर लावला!

मी हे सगळे त्याला सांगितले. जरा मास्तरी आवाजातच सांगितले असावे, कारण तो एकदम गप्प झाला. फडक्याने दार पुसत राहिला. मग पाठमोराच म्हणाला, "आणि तुझ्या पहिल्या कादंबरीतल्या गजाली रे?"

आता हे वाचकांना सांगितले पाहिजे. मी वाईचा. उमेदवारीच्या काळात रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर भागातल्या एका खेड्यात दोन वर्षे शिक्षक होतो, आणि त्या बळावर माझी पहिली कादंबरी मी कोकणात घडवली. पोफळी, खळी, माजघरे यांची तिच्यात नुसती रेलचेल आहे. नारळाची सोडणे कुजवून, ठोकून काथ्या कसा काढतात याचे दोन पानी वर्णन आहे. तो काथ्या मी कधी हातात धरलेला नव्हता. आणि माझी माणसे संध्याकाळी ओटीवर बसून 'गजाली' करतात. पुस्तक निघाल्यावर गुहागरकडच्या एका वाचकाचे पत्र आले. त्यांनी फार सौजन्याने लिहिले होते की गजाली मालवणकडे करतात, तुमच्या गावात नव्हे. ते पत्र मी फक्त या एका मित्राला दाखवले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही त्या गाडीतून सांताक्रूझला गेलो. (तिथेही एक सांताक्रूझ आहे; विमानतळ मात्र नाही.) निघताना वहिनी बाहेर आल्या आणि समोरच्या फळीवर, तबकड्यांच्या उजवीकडे, बोटभर उंचीची चिनी मातीची फुलदाणी होती तिच्यात त्यांनी थोडे पाणी घालून अंगणातल्या जाईचा एक झुबका ठेवला. ती फुलदाणी आदल्या दिवशीच्या प्रदर्शनात मित्राने मला दाखवली नव्हती.

"ती हिने लावलीय," तो ओशाळून म्हणाला. "बीटलवाल्यांची फॅशन आहे ती. स्पीडस्टरच्या मेळाव्याला जातो तेव्हा काढून ठेवतो."

हे खरे आहे. पन्नास-साठच्या दशकांत बीटलमध्ये अशी फुलदाणी लावण्याची हौस होती. त्या साध्या, दोन कोटींहून अधिक निघालेल्या आणि २००३ साली मेक्सिकोत शेवटची बनलेल्या गाडीचा हा घरगुती दागिना. पण मी त्या गाडीत तासभर बसलो, वाऱ्याने डोळ्यांतून पाणी आले, बुटक्या काचेवरून डोंगर सरकत गेले, मागे बीटलचे इंजिन शिवणयंत्रासारखे वाजत राहिले, आणि माझी नजर पुन्हा पुन्हा त्या जाईवर जाऊ लागली. तिच्यात पाणी होते. ती वळणावर हलत होती. अकराव्या शतकात काश्मिरात क्षेमेंद्राने औचित्यावर ग्रंथ लिहिला. कसा दागिना हवा यापेक्षा तो कुणाच्या अंगावर आणि कुठे, हा त्याचा प्रश्न. त्याला मी या गाडीत बसवले असते तर त्याने पट्टे सोडायला लावले असते आणि फुलदाणीला हात लावू दिला नसता. आत जी खरोखर आहे त्या बीटलची ओळख सांगणारा सबंध गाडीत तेवढा एकच जिन्नस होता, आणि मेळाव्याच्या दिवशी नेमका तोच लपवला जात होता. हे मी मित्राला बोलून दाखवले. या वेळी आवाज मास्तरी नव्हता.

"आणि पायाखालचं?" त्याने विचारले.

मी खाली पाहिले. आदल्या दिवशी माझ्या ध्यानात आले नव्हते. काळ्या-तांबड्या चौकडीची जाड काथ्याची चटई होती. त्या काळी पोर्श आणि फोक्सवॅगन या दोन्ही गाड्यांत अशा चटया घालण्याची चाल होती. वाळू आणि पाणी खाली जिरते, पाय घसरत नाही. कोको मॅट म्हणतात तिला तिकडे. सांताक्रूझच्या पुळणीवरून परतताना मी चपला मागे टाकल्या आणि अनवाणी पाय त्या चटईवर ठेवले. काथ्या बोचतो. ओल्या पायांना तर चांगलाच बोचतो, आणि थोड्या वेळाने ते बोचणे बरे वाटू लागते. माझ्या दोन पानी वर्णनात हे कुठेच नाही.

परत आल्यावर महिन्याभराने मित्राचा फोन आला. त्याने दारांवरचे आकडे काढून टाकले होते. पण तीन वर्षांच्या उन्हाने बाकीचा चंदेरी रंग किंचित निस्तेज झालेला, आणि कागदाखालचा रंग मात्र पहिल्यासारखा लखलखीत. त्यामुळे दोन्ही दारांवर दोन स्वच्छ वर्तुळे उमटली आहेत आणि ती घासून जात नाहीत. "तू ड्रॉइंग-मास्तर आहेस," तो म्हणाला, "त्यांत काय काढू सांग." मी म्हणालो, काही काढू नकोस. तो म्हणाला, लोक विचारतात. मी म्हणालो, विचारू देत. पट्टे अजून आहेत. बॅगेत वहिनी आता टॉवेल आणि खाण्याचे डबे ठेवतात.

माझ्या त्या कादंबरीच्या दुसऱ्या आवृत्तीची प्रुफे सध्या टेबलावर पडली आहेत. सतराव्या पानावर गजाली आहेत. त्या जागी 'गप्पा' घालून पाहिले, वाक्य लंगडते. 'बोलणी' घातले, ती लग्नाची वाटतात. प्रकाशकांची घाई चालली आहे. तूर्त शब्दाभोवती पेन्सिलीने वर्तुळ करून ठेवले आहे आणि गुहागरच्या त्या गृहस्थांना पत्र टाकले आहे, की संध्याकाळी तुमच्या ओटीवर माणसे बसतात तेव्हा ती नेमके काय करतात?